हजेरीताई

तिचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर आहे, आणि तो परवाना कुठे ठेवलाय हे तिलाच आठवत नाही. वरच्या बाजारापासून खालच्या आळीपर्यंत सगळे तिला हजेरीताई म्हणतात. नावावरून कुणाला शाळेतल्या बाई वाटतील, पण तिचं दुकान मोबाइलचं. जेमतेम दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढा गाळा, काउंटरच्या काचेखाली सिमकार्डं आणि फोनची कव्हरं, मागच्या भिंतीवर लोंबणाऱ्या चार्जरच्या वायरी. गिऱ्हाईक आलं की ती आधी कपाळाला आठ्या घालते आणि मग काम करते. पण काम चोख.

दुकानाला लागून पायऱ्या आहेत, त्या थेट खालच्या आळीत उतरतात. एका अंगाला बंद पडलेल्या गिरणीची लांबच लांब भिंत, दुसऱ्या अंगाला डोंगराचा कडा, आणि मधल्या खोलगट पट्टीत बैठी घरं. गिरणी चालू होती तेव्हा तिथे मुंगीला शिरायला जागा नसायची. आता हातपाय धड असलेली माणसं पोटामागे निघून गेली. मागे उरले ते बहुतेक म्हातारे, आणि त्यांतले बरेच एकटे.

हजेरीची कल्पना निघाली ती भांडणातून. खालचा म्हातारा बँडवाला एकदा तापाने फणफणून खोलीत पडून राहिला आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही पत्ता लागला नाही. बरा होऊन वर आला, तर ताई त्याच्यावरच खेकसली.

"मरायचं असेल तर निदान कळवायचं तरी!"

"कळवणार कसं? फोनमध्ये पैसे नव्हते."

"मग मिस्ड कॉल द्यायचा. त्याला काय तुझ्या बापाचं जातं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खरंच मिस्ड कॉल दिला. बातमी आळीत फिरली आणि हळूहळू एकटं राहणारा जो तो रोज सकाळी ताईला मिस्ड कॉल देऊ लागला. दोन घंट्या वाजवायच्या आणि कापायचा. अर्थ एवढाच, की मी उठलो, मी आहे. ताईने फोन उचलायचा नाही, हा नियम. चुकून उचललाच तर पलीकडून "अगं उचलू नकोस, पैसे पडतात!" असा ओरडा व्हायचा, आणि त्या ओरडण्यातच पैसे पडायचे.

तिने हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं. गरजच नव्हती. पहिला फोन कंपाउंडरकाकांचा, कारण जन्मभर दवाखाना उघडून त्यांना पहाटे उठायची खोड लागलेली. मग शिंपीणकाकू, मग बाकीचे एकेक, आणि सगळ्यांत शेवटी बँडवाला, त्याच्या घंट्या वाजेपर्यंत ताईचा चहा निवून जायचा. एखादी हजेरी चुकली की ती शटर अर्धं ओढायची आणि तोंडाने बडबडत पायऱ्या उतरायची. बहुतेक वेळा फोन पिठाच्या डब्यात सापडायचा. क्वचित कधी माणूस जमिनीवर सापडायचा, आणि वेळेवर सापडायचा.

हे सगळं चाललं होतं ते एका गोष्टीवर. ताईला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ही काही फार मोठी थोरवी नव्हे, तिला ते जमतच नव्हतं. एकदा एका कंपनीचा विक्रेता गिऱ्हाइकाला स्वस्तातला फोन गळ्यात मारत होता आणि ही काउंटरमागून म्हणाली, "घेऊ नका, संध्याकाळपर्यंतसुद्धा बॅटरी टिकत नाही." विक्रेत्याने कपाळावर हात मारला. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा, पण त्यामुळेच खालची माणसं फोनबद्दल काहीही वाचलं-ऐकलं तरी शेवटी एकच विचारायची, "ताई काय म्हणते?"

आता तिच्या भावाबद्दल सांगायला हवं. त्याचं घरातलं नाव सोन्या, आणि तो ताईपेक्षा खूप लहान. वडील गेले तेव्हा या गाळ्यात पैसे टाकून बोलायच्या फोनचं काचेचं खोपटं होतं. ताई शाळा सोडून तिथे बसली, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा सोन्या त्या खोपट्यात बसून गृहपाठ करायचा. त्याचा शाळेचा गणवेश शिंपीणकाकू गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून शिवून द्यायच्या, शिलाई कधी घेतली नाही. सोन्या शिकला, एका मोठ्या मोबाइल कंपनीत लागला, आणि चढत चढत या भागाचा मुख्य झाला. खालच्याच आळीतल्या एका निवृत्त कारकुनाची मुलगी त्याने केली. ताई हे सांगताना मान अशी ताठ करायची, की जणू टॉवर हिनेच उभे केले.

मग देशभर नवीन नेटवर्क यायला लागलं. भिंतींवर मोठमोठी पोस्टरं लागली, "पुढच्या पिढीचं नेटवर्क." मागच्या पिढीने काय करायचं, ते पोस्टरवर नव्हतं. जुनं नेटवर्क टप्प्याटप्प्याने बंद होणार आणि जुने बटणांचे फोन नुसती खेळणी होणार, अशी कुजबुज सुरू झाली. सोन्या गाडी घेऊन दुकानात आला. त्याच्याबरोबर खोकी होती नव्या फोनची.

"ताई, जुना फोन आण आणि नवा ने, फुकट. खालच्या आळीचं तू बघ. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील."

"आणि खाली नवीन नेटवर्क लागतं का?"

"लागेल ना. गिरणीच्या टाकीवर टॉवर बसतोय."

"बसतोय की बसेल?"

"बसतोय गं."

"सोन्या, तिथे माणसं फोनवर जिवंत आहेत. नवीन लागायच्या आधी जुनं बंद नाही ना होणार?"

त्याने तिचा हात हातात घेतला. "तुझ्या गळ्याशपथ."

ताईने पदर खोचला. घरोघर जाऊन तिने म्हाताऱ्यांना नवे फोन दिले, बोट धरून शिकवले, चुकलं की ओरडली, जमलं की आणखी ओरडली. हजेरीचा फोन कसा करायचा ते प्रत्येकाला दहादा दाखवलं. शिंपीणकाकू जुना फोन सोडायला तयार नव्हत्या. त्याच्यावरचं ताईच्या नंबराचं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालं होतं, न बघता बोट तिथे जायचं.

"काकू, मी सांगते ना. नवा टॉवर बसल्याशिवाय जुनं बंद होणार नाही."

"तू सांगतेस ना? मग झालं," काकू म्हणाल्या आणि फोन देऊन टाकला.

नवे फोन खाली व्यवस्थित चालले. ते जुन्या नेटवर्कवरच चालत होते. नव्या फोनला दोन्ही चालायची, नवीन मिळालं नाही की तो मुकाट्याने जुनं धरायचा. त्यामुळे नवीन नेटवर्क आळीत उतरलेलंच नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ताईच्यासुद्धा नाही. तिच्या दुकानात, वरच्या रस्त्यावर, सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसायच्या.

आणि एके सकाळी फोन वाजलाच नाही.

कंपाउंडरकाकांचा नाही, काकूंचा नाही, कुणाचाच नाही. एकाचा आला नसता तर ताई तेव्हाच पायऱ्या उतरली असती. पण कुणाचाच नाही म्हटल्यावर तिला वाटलं, आपलाच फोन बिघडला. हजेरीसाठी तिनेही नवा फोन घेतला होता आणि तो तिच्या अजून अंगवळणी पडला नव्हता. मागच्याच आठवड्यात तिने तो चुकून मुका करून ठेवला होता. तिने सेटिंग पाहिलं, सिम काढून पुसून घातलं. काही होईना तेव्हा तिने सोन्याला फोन लावला. तो लगेच लागला.

"सोन्या, हजेरी नाही रे आली आज. एकाचीही नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नव्या फोनमध्ये होतं गं असं कधीकधी. बंद करून चालू कर. दुपारपर्यंत येईल बघ सगळं."

"खाली जाऊन बघू का?"

"कशाला पायऱ्या तुडवतेस? दुकान बघ."

तिने फोन बंद केला, चालू केला. पुन्हा बंद केला, चालू केला. मध्येच गिऱ्हाइकं येत राहिली. भाऊ त्याच खात्यातला मुख्य, तो सांगतोय म्हटल्यावर कुणाला शंका येईल? दुपार झाली तरी फोन वाजला नाही, तेव्हा मात्र तिने शटर पूर्ण ओढलं.

पायऱ्यांच्या तळाशीच कंपाउंडरकाका बसले होते, मजेत पेपर वाचत.

"काका, हजेरी कुठंय?"

"दिली की! टूं टूं झालं, कापला."

ताईने त्यांचा फोन घेतला. वरच्या कोपऱ्यात एकही कांडी नव्हती. टूं टूं झालं होतं ते फोन लागत नसल्याचं, पण दोन आवाज ऐकून कापायची इतक्या वर्षांची सवय, काकांनी तेच केलं होतं. बँडवाल्यानेही तेच केलं होतं. आळीत प्रत्येकजण सकाळी आपली हजेरी देऊन निवांत बसला होता. ताई मग चाललीच नाही, धावली.

शिंपीणकाकूंचं दार आतून लावलेलं. हाका मारल्यावर आतून क्षीण आवाज आला. कंपाउंडरकाकांनी आणि बँडवाल्याने मिळून कडी मोडली. काकू शिलाई मशीनच्या पायाशी पडल्या होत्या, एक पाय विचित्र वळलेला, आणि हातात नवा फोन घट्ट धरलेला. पहाटे पाणी प्यायला उठताना पाय घसरला होता.

"बाई गं, तुला किती फोन केले मी," काकू म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. "मला वाटलं, उचलायचा नाही म्हणून तू उचलत नाहीस. म्हणून मी कापला नाही. तरी तू उचलला नाहीस."

रुग्णवाहिका बोलवायची तर फोन लागेना. वर पळायचं म्हणून ताई गल्लीतून निघाली, तर मध्येच तिच्या हातातला फोन वाजला. कुठल्या तरी गिऱ्हाइकाचा. ती जागच्या जागी थांबली. सगळ्या कांड्या भरलेल्या होत्या. समोर सोन्याच्या सासऱ्यांचं घर होतं.

तिने तिथूनच आधी रुग्णवाहिका बोलावली. मग आत पाहिलं. सासरे खुर्चीत बसून मुलीशी फोनवर बोलत होते. त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, एक पांढरी डबी होती, तिच्यावर हिरवा दिवा.

"या ना ताई, बसा," ते म्हणाले. "काय हो, आळीत सगळ्यांचे फोन बंद पडलेत म्हणे?"

"तुमचा चालू आहे."

"जावईबापूंनी गेल्या आठवड्यात ही नेटवर्क खेचणारी डबी बसवून दिली ना!" सासऱ्यांचा चेहरा कौतुकाने फुलला. "म्हणाले, खाली जुनं बंद होणार आहे, तुमची अडचण नको व्हायला. जिवाला फार जपतात हो आमच्या."

म्हाताऱ्याच्या मनात काही पाप नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, ताईला निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. ती "हो" म्हणाली आणि बाहेर आली. गेल्या आठवड्यात. म्हणजे आज सकाळी "बंद करून चालू कर" म्हणताना त्याला माहीत होतं. शपथ घेताना माहीत होतं का, एवढंच आता विचारायचं राहिलं होतं.

काकूंना दवाखान्यात पोचवून ती तशीच सोन्याच्या कार्यालयात गेली. थंडगार काचेची खोली, आणि भिंतीवर मोठा पडदा, त्यावर गावाचा नकाशा. गाव सगळं जांभळं. जांभळं म्हणजे नवीन नेटवर्क पोचलं. खालची आळीसुद्धा जांभळी.

"हे खोटं आहे," ताई नकाशाकडे बोट करून म्हणाली.

"ताई, बस आधी. पाणी पी." त्याने दार लावून घेतलं. "खोटं नाहीये. मोजलेलं आहे. गाडीतून मोजतात, गाडी रस्त्याने जाते. पायऱ्या उतरत नाही."

"टाकीवरचा टॉवर?"

त्याने टेबलावरचे कागद सरळ केले.

"सोन्या, टॉवर कधी बसतोय?"

"नाही बसत," तो म्हणाला. "तिथे माणसं किती आहेत, आणि ती बोलतात किती? मिस्ड कॉलवर टॉवर उभा राहत नाही ताई. कंपनीने कधीच मंजूर केला नव्हता."

"मग तू फोन का वाटलेस?"

"जुन्या फोनवर माणसं आहेत तोवर जुनं बंद करायला परवानगी मिळत नव्हती. आकडा खाली आणायचा होता, वरून तगादा होता. सगळ्या भागांचं झालं, माझंच राहिलं होतं, खालच्या आळीमुळे." तो जवळ आला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, याचाच ताईला जास्त संताप आला. "मी डब्यांची मागणी केली होती सगळ्यांसाठी. एकच मिळाली."

"ती सासऱ्यांना लावलीस. ठीक आहे. मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय झालं असतं? तुला खोटं बोलता येत नाही. तुला माहीत असतं तर एकाही म्हाताऱ्याने फोन दिला नसता."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. त्याने ताईला फसवलं ते ती भोळी होती म्हणून नव्हे. ती खरी होती, आणि खरं माणूस वापरायला सोयीचं असतं, हे त्याला त्या काचेच्या खोपट्यात गृहपाठ करतानाच कळलं असावं. ताईला वाटलं, त्याच्या एक मुस्कटात ठेवून द्यावी. लहानपणी दिल्या होत्या तशी. पण आता तो फार उंच होता, आणि तिचा हात उचलला जाईना.

"सकाळी फोनवर तरी सांगायचं होतंस," ती म्हणाली. "काकू तेव्हा जमिनीवर होत्या."

"मला काय माहीत काकू पडल्यात ते?"

"म्हणूनच तर हजेरी घेतात, गाढवा."

तो तिच्यामागे गाडीपर्यंत आला. लोकांना सध्या एवढंच सांग म्हणाला, की टॉवर येतोय, थोडी कळ काढा. तू सांगितलंस तर ऐकतील. ताईने गाडीत बसायला नकार दिला आणि चालत निघाली.

संध्याकाळी तिने आळीतल्या सगळ्यांना पायऱ्यांपाशी गोळा केलं आणि काही न झाकता सांगितलं. टॉवर येणार नाही. कधीच येणार नव्हता. मला माहीत नव्हतं.

पहिल्या दोन वाक्यांवर सगळ्यांचा विश्वास बसला, तिसऱ्यावर कुणाचाच बसला नाही.

"सख्खा भाऊ, आणि तुला माहीत नाही?" बँडवाला म्हणाला.

"तुझं घर वर आहे, ताई. तुला काय फरक पडतो?" दुसरं कुणी म्हणालं.

कंपाउंडरकाकांनी खिशातून नवा फोन काढला, पायरीवर तिच्या पायाशी ठेवला आणि घरी गेले. मग बाकीच्यांनीही आपापले फोन ठेवले. ताई ते गोळा करायला वाकली तेव्हा तिला रडू फुटलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. आळीतलं कुणी मदतीला पुढे आलं नाही.

आता रोज सकाळी ती पायऱ्या उतरते आणि दारं वाजवते. काहीजण दार उघडतात, काहीजण आतूनच खोकतात, कंपाउंडरकाका तेही करत नाहीत, नुसता दिवा लावतात. ती दिवा बघून पुढे जाते. सोन्या दुकानात दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तिने इतर गिऱ्हाइकांशी बोलतात तसं त्याला विचारलं, "काय हवंय?"

शिंपीणकाकूंच्या मांडीचं हाड जुळायला वेळ लागणार होता. मुलगी दूरच्या शहरातून त्यांना न्यायला आली. जिथे फोन लागत नाही तिथे आईला एकटी ठेवणार नाही, असं तिने निक्षून सांगितलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. मशीन आळीतच राहिलं, घराला कुलूप लागलं. दवाखान्याच्या दारात काकूंना गाडीत आडवं ठेवलं तेव्हा ताई शेजारी उभी होती.

मुलगी कागदपत्रं घ्यायला आत गेली. पायऱ्यांपाशी झालेल्या सभेचं काकूंना कुणी सांगितलं नव्हतं.

"सोन्यावर रागावू नकोस हं," काकू म्हणाल्या. "कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल पोराचं." मग त्यांनी ताईचं मनगट धरलं. "मला तिकडे नाही गं करमायचं. टॉवर लागला की लेक मला परत आणून सोडणार आहे, तसं कबूल केलंय तिने. लागेल ना गं टॉवर?"

ताईने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"लागेल, काकू," ती म्हणाली. "काम सुरू झालंय."

"तू सांगतेस ना?"

"मी सांगते."

काकूंनी मनगट सोडलं आणि उशीवर डोकं टेकलं. मुलगी आली, गाडी सुरू झाली. काकूंना झोप लागत होती.